खाऱ्या वाऱ्यातलं भाड्याचं घर

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि २०२१च्या ऑक्टोबरात चिपी विमानतळ सुरू झाला. या काळात मालवण, वायरी, तारकर्ली, देवबाग, आचरा, भोगवे या गावांत घराच्या दोन खोल्या भाड्याने देणं हा अनेक कुटुंबांचा जोडधंदा झाला आणि काहींचा तर मुख्य धंदाच. सुरुवातीच्या पाहुण्याला धुतलेली चादर, पंखा, न्हाणीत चुलीवर तापवलेलं पाणी आणि जेवणात ताजा मासा एवढं पुरत असे. आता पुण्या-कोल्हापूरहून फोन येतो तेव्हा आधी एसीची चौकशी होते, मग फ्रीजची. कुटुंब चार दिवस राहणार असेल आणि सोबत लहान मूल असेल तर वॉशिंग मशीन आहे का, हेही विचारलं जातं.

दुसरा भाडेकरू कमी बोलतो, पण जास्त राहतो. ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका, बदलून आलेला बँकेचा अधिकारी, शाळेतली शिक्षिका, तारकर्लीच्या स्कूबा डायव्हिंग संस्थेत काम करणारा तरुण. पर्यटकाला मशीन ही एक सोय असते. जुलै महिन्यात सकाळी ड्यूटीवर जाताना ओला गणवेश हातात घेऊन उभ्या राहिलेल्या परिचारिकेला मात्र ती गरज असते. भाड्याच्या घरात कोणती यंत्रं द्यावीत याचा विचार आपल्याकडे बहुतेक वेळा पर्यटकाला डोळ्यांसमोर ठेवून होतो, आणि वर्षभर भाडं देणारा माणूस त्यातून निसटतो.

या प्रकरणात मी एक भूमिका घेऊन लिहितो आहे. किनाऱ्यावरच्या भाड्याच्या घरात यंत्रं थोडी असावीत. जी असतील ती चालती असावीत, आणि ती चालती ठेवण्याचं काम मालकाचं असावं. दुकानातून मशीन आणणं हा या व्यवहारातला सर्वांत सोपा भाग आहे. त्यानंतर इथली हवा, इथलं पाणी आणि इथली वीज त्याची परीक्षा घ्यायला बसलेली असतात.

हवेपासून सुरुवात करू. लाट फुटते तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक कण हवेत उडतात. वारा त्यांना आत आणतो आणि ते पत्र्यावर, तारेवर, एसीच्या जाळीवर बसतात. मिठाचा एक गुण इथे महत्त्वाचा आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. मालवणच्या पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. म्हणजे समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या यंत्राच्या अंगावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. लोखंड गंजायला याहून अनुकूल परिस्थिती मिळणं कठीण. एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये तांब्याच्या नळ्या आणि त्यांना चिकटलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी अशी जोडी जमली की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. आधी पट्ट्यांचा भुगा पडतो, मग थंडावा कमी होतो, आणि वीजबिल चढतं.

यावर उपाय आहेत आणि ते महागडेही नाहीत. बाहेरचं युनिट समुद्राच्या बाजूच्या भिंतीवर न लावता मागीलदाराच्या बाजूला लावावं. महिन्यातून एकदा वीज बंद करून त्यावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. वॉशिंग मशीन घेताना बाहेरचा सांगाडा प्लॅस्टिकचा आणि आतला ड्रम स्टेनलेस स्टीलचा बघावा. रंग दिलेल्या पत्र्याचं मशीन दुकानात भारदस्त दिसतं, पण इथे त्याचा तळ आधी जातो, कारण ओल्या फरशीवरचं पाणी तिथेच साचतं. मशीनखाली जांभ्याचा किंवा सिमेंटचा वीतभर ओटा बांधला तर तळ कोरडा राहतो. लोखंडी स्टँड स्वतःच गंजतो, त्यामुळे त्याचा उपयोग नाही.

आता पाणी. हा विषय मोठा आहे आणि इथे थोडं थांबायला हवं. देवबाग ही कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली वाळूची अरुंद पट्टी आहे. तिथल्या विहिरीतलं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक थर असतो. गोडं पाणी हलकं, खारं जड, म्हणून हा थर वर टिकतो. डच अभियंता बादॉन घायबेन आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला याचं गणित मांडलं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या जितकी वर, तिच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत गोडा थर असतो. हेच उलट वाचलं की काळजी वाटते. पंपाने पातळी कायमची १० सेंटिमीटर खाली आणली तर खालचा गोडा थर कालांतराने सुमारे ४ मीटरने पातळ होतो. एप्रिल-मे महिन्यात, म्हणजे नेमका हंगाम भरात असताना, काही विहिरींचं पाणी मचूळ होतं ते यामुळे.

चार खोल्यांच्या घरात एका दिवशी सगळे पाहुणे बदलले तर काय होतं ते पाहा. चार मोठ्या चादरी, चार पांघरुणं, आठ अभ्रे, आठ टॉवेल मिळून साधारण १२ किलो कापड होतं. ७ किलोच्या मशीनचे हे दोन घाणे. वरून कपडे टाकायच्या पूर्ण स्वयंचलित मशीनला एका घाण्याला १०० लिटरच्या पुढे पाणी लागतं आणि कपड्यांतली वाळू काढायला एकदा जास्त खळबळलं तर आणखी. समोरून दार असलेलं मशीन साधारण निम्म्या पाण्यात काम भागवतं. विहीर वाळूतली असेल तर मी समोरच्या दाराचंच मशीन सुचवेन, जरी ते महाग असलं तरी. मात्र त्याला नळात दाब लागतो. अनेक यंत्रांच्या माहितीपत्रकात किमान ०.३ बार दाब सांगितलेला असतो. टाकी मशीनच्या नळापेक्षा ३ मीटर उंच असेल तेव्हा हा दाब जेमतेम मिळतो. बसक्या कौलारू घराच्या पडवीवर ठेवलेल्या टाकीतून तो मिळत नाही. मशीनमध्ये पाणी भरतच राहतं, शेवटी चूक दाखवून ते थांबतं आणि पाहुणा मालकाला हाक मारतो. अशा घरात अर्धस्वयंचलित, दोन टबांचं मशीन शहाणपणाचं ठरतं. त्यात बादलीने पाणी ओतता येतं, वीज गेली तर कपडे आत अडकत नाहीत, आणि गावातला वायरमनही ते खोलून दुरुस्त करू शकतो. त्याचा सुकवण्याचा टबही जोरात फिरतो. लोक त्याला जुन्या पद्धतीचं म्हणून नाकारतात, पण या किनाऱ्यावर त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं मशीन मला दिसत नाही.

पाण्यातलं लोह ही आणखी एक अडचण आहे. जांभ्याला लाल रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि जांभ्याच्या भागातल्या काही विहिरींच्या व बोअरवेलच्या पाण्यात विरघळलेलं लोह असतं. पाणी काढताना नितळ दिसतं, हवा लागली की पिवळसर होतं. पांढरी चादर अशा पाण्यात वारंवार धुतली की हळद सांडल्यासारखी दिसू लागते. मग घरमालकीण क्लोरीनचं ब्लीच घालते आणि डाग आणखी पक्का होतो, कारण ब्लीच लोहाला गंजाच्या रूपात नेऊन बसवतं. त्यावर सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल चालतं. ऑक्झॅलिक आम्ल विषारी असतं, ते वापरताना हातमोजे घालावेत आणि बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नये. यात भर पडते पर्यटकांच्या सनस्क्रीनची. अनेक सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन नावाचा घटक असतो. लोहयुक्त पाण्यात त्याचे नारिंगी डाग पडतात आणि ते हुबेहूब गंजासारखे दिसतात. मशीन गंजलं म्हणून मेकॅनिक बोलावला जातो, आणि खरं कारण टॉवेलला पुसलेल्या मलमात असतं. रंगीत किंवा मातकट चादरी आणि गडद टॉवेल ठेवणं हा यावरचा साधा मार्ग आहे. पांढऱ्याशुभ्र चादरीचा आग्रह मोठ्या हॉटेलांकडून आला. त्यांच्याकडे पाणी शुद्ध करायची यंत्रणा असते.

कपड्यांसोबत किनाऱ्यावरची वाळू आणि मीठही येतं. मीठ पाण्यात लगेच विरघळून निघून जातं, त्याचा त्रास नाही. वाळू मात्र पंपाच्या गाळणीत बसते आणि दाराचं रबर घासते. खळ्यात एक नळ, एक दगड आणि कपडे झटकायला एक दोरी एवढं केलं की मशीनचं आयुष्य वाढतं. पूर्वी कपडे व्हाळावर किंवा विहिरीच्या काठी दगडावर आपटले जात, तेव्हा वाळूचा प्रश्न आपोआप सुटत होता.

मशीनमधून बाहेर पडणारं पाणी कुठे जातं, हे मशीन घेण्याआधी ठरवावं. वाळूच्या जमिनीत साबणाचं पाणी फार झपाट्याने झिरपतं. ते विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडलं तर उद्या तेच पाणी आपण पिणार. विहिरीपासून दूर, माडांच्या आळ्यांत, आलटून पालटून ते सोडावं. पावडर कमी घालावी आणि ब्लीचचं पाणी झाडांना देऊ नये.

विजेबद्दल थोडक्यात, पण काळजीपूर्वक. साठवणीच्या गीझरला साधारण २००० वॅट लागतात, तात्काळ पाणी तापवणाऱ्याला ३०००, दीड टनाच्या एसीला सुमारे १५००, आणि पाणी तापवणारं वॉशिंग मशीन असेल तर तेही २०००च्या घरात. जुन्या घराचं वायरिंग दोन पंखे आणि चार दिव्यांसाठी केलेलं असतं. यंत्रं वाढवण्याआधी वायर बदलणं, १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट काढणं आणि मंजूर भार वाढवून घेणं हा खर्च आधी धरावा लागतो. अर्थिंगचा मुद्दा याहून गंभीर आहे. कोरडी वाळू आणि कोरडा जांभा विजेला वाट देत नाहीत, म्हणून ऑगस्टमध्ये चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. खड्ड्यात पाणी घालत राहावं आणि दरवर्षी उन्हाळ्यात वायरमनकडून ते मोजून घ्यावं. ओल्या न्हाणीत अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला ३० मिलिअँपिअरचं गळती-रोधक यंत्र वाचवतं. वायरमन त्याला आरसीसीबी म्हणतात. ज्या घरात पाहुणे राहतात तिथे ते नसेल, तर गीझर देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले आणि बरीच गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. वीज परत येते तेव्हा तिचा दाब सुरुवातीला वरखाली होतो. फ्रीज आणि मशीनचे प्लग काढून ठेवलेले असतील तर त्यांना धोका उरत नाही. चाकरमान्यांची बंद घरं भाड्याने दिली जातात तिथे ही सवय फार महत्त्वाची. अशा घरात मशीन सहा महिने बंद राहतं, पाली आणि मुंग्या आतल्या सर्किटवर जाऊन बसतात, दाराच्या रबरावर बुरशी चढते. राखण करणाऱ्या शेजाऱ्याला महिन्यातून एकदा रिकामं मशीन चालवायला सांगावं, आणि त्याचे पैसे ठरवून द्यावेत.

आता सुकवण्याकडे येऊ. जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. धुण्याचं मशीन कुणीही देईल, पण मिरग लागल्यापासून गणपतीपर्यंत भाडेकरू विचारत असतो ते कपडे वाळायचे कुठे. मशीनचा पिळण्याचा वेग इथे कामाला येतो. मिनिटाला १२०० फेऱ्या झाल्या तर कपड्यात त्याच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरतं. ७०० फेऱ्यांना बरंच जास्त. हा फरक दोरीवरच्या एका पूर्ण दिवसाचा असू शकतो. गरम हवेचा ड्रायर एका घाण्याला २ ते ३ युनिट वीज खातो. त्यापेक्षा एक छोटी खोली, आडव्या दांड्या, पंखा आणि हवेतली आर्द्रता काढून घेणारं डिह्युमिडिफायर यंत्र ही रचना मला या किनाऱ्यासाठी योग्य वाटते. त्याच खोलीत गाद्या, उशा, लाकडी कपाटातले कपडे, सगळं पावसाळ्यात वाचतं. पूर्वी चुलीच्या वरच्या दांडीवर कपडे वाळत आणि त्यांना धुराचा वास येई. गॅस आल्यावर ती ऊब घरातून गेली, आणि तिची जागा कशाने भरायची हे ठरवायचं राहून गेलं.

भाड्याच्या घरातल्या सोयी कुणी द्यायच्या आणि कुणी सांभाळायच्या, याची उत्तरं इतर देशांत वेगवेगळी आहेत. झुरिकला नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबाला इमारतीच्या तळघरात सामायिक धुलाईघर मिळू शकतं, आणि त्यासोबत धुण्याच्या पाळीचं वेळापत्रकही. जर्मनीत भाडेकरू स्वयंपाकघराचे ओटेसुद्धा स्वतः आणतो असं अनेकदा घडतं. इंग्लंडमध्ये २०२० पासून भाड्याच्या घराच्या वीजजोडणीची दर ५ वर्षांनी तपासणी करून अहवाल भाडेकरूला देणं मालकावर बंधनकारक आहे. झुरिकची कल्पना वायरी किंवा देवबागला सहज जमण्यासारखी आहे. शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून एक चांगलं मशीन आणि सुकवण्याची एक शेड उभारली तर प्रत्येकाच्या विहिरीवरचा आणि खिशावरचा भार कमी होईल, आणि ते सांभाळण्यासाठी गावातल्या एका माणसाला पगार देता येईल. एकेकाळी परीट आणि मडवळ हे काम घरोघरचं करत होते, त्या कष्टाला मान आणि रोख मोबदला मात्र क्वचितच मिळाला.

केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत मालकाचं कुटुंब त्याच घरात राहणं आवश्यक आहे. खोल्या १ ते ६ आणि खाटा जास्तीत जास्त १२. तिच्या तपासणीच्या यादीत फ्रीज आणि कपडे धुण्या-सुकवण्याची व्यवस्था यांचाही उल्लेख आहे. यादीवर खूण करण्यासाठी मशीन घेणाऱ्या मालकाने वॉरंटी कार्ड नीट वाचावं. घरगुती मशीनच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर बहुतेक वेळा वगळलेला असतो, आणि पाहुण्यांच्या चादरी धुणं हा व्यावसायिक वापर ठरू शकतो. खरेदी करतानाच कुडाळ किंवा कणकवलीत त्या कंपनीचा मेकॅनिक आहे का आणि तो देवबागपर्यंत येतो का, हे विचारावं. दोन वर्षांची जास्त वॉरंटी आणि न येणारा मेकॅनिक यांचा हंगामात काही उपयोग होत नाही.

महिन्याच्या भाडेकरूसाठी कायदा वेगळा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून, परिशिष्टांत नोंदवलेल्या भागांपुरता लागू झाला. त्यातल्या जागेच्या व्याख्येत मालकाने दिलेलं फर्निचर आणि घराला जोडलेल्या सोयी येतात. हॉटेल किंवा लॉजमधली खोली येत नाही. कलम १४ नुसार, भाडेकरूशी वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षभराच्या भाड्याच्या एक-चतुर्थांश ही त्याची मर्यादा. भिंतीला जोडलेला गीझर या चौकटीत बसवता येतो. कोपऱ्यात ठेवलेल्या वॉशिंग मशीनबद्दल मात्र वाद होईल. शिवाय बहुतेक घरं आता अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिली जातात आणि तिथे करारात काय लिहिलं आहे यावरच सगळं ठरतं. कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

म्हणून कराराला यंत्रांची यादी जोडावी. कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, खरेदीचं वर्ष, आधीपासून असलेले ओरखडे आणि गंज, आणि फोटो. वापराने झालेली झीज मालकाची आणि हलगर्जीने केलेली मोडतोड भाडेकरूची, असं स्वच्छ मराठीत लिहावं. खारा वारा, लोहाचं पाणी आणि विजेचा चढउतार यांनी झालेलं नुकसान झिजेत धरावं, कारण ते भाडेकरूच्या हातात नाही. मशीन बंद पडल्यावर किती दिवसांत माणूस येईल, आणि तोवर कपडे धुण्याचा खर्च कुणाचा, हेही लिहिता येतं. ते कुणी लिहीत नाही आणि वाद तिथेच होतात.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. तो राज्यांसाठी नमुना आहे. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात दुरुस्तीची वाटणी आहे. भिंती, नळांची मांडणी आणि वायरिंग मालकाकडे, तर तोट्या, बटणं आणि गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. गीझरचा हा नियम पुण्यातल्या फ्लॅटमध्ये चालेल. मालवणच्या किनाऱ्यावर तो अन्यायाचा आहे. गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीचं पोलाद वाचवते. खाऱ्या, लोहयुक्त पाण्यात ती भराभर संपते आणि तिच्यानंतर टाकीला भोक पडतं. अकरा महिन्यांसाठी आलेल्या शिक्षिकेला ही कांडी असते हेच ठाऊक नसतं, आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. किनाऱ्यावरच्या मालकाने ती दरवर्षी मे महिन्यात तपासून घ्यावी, झिजली असेल तर बदलावी, बदलल्याची तारीख यादीत लिहावी, आणि त्याचे पैसे भाडेकरूच्या अनामत रकमेतून कापू नयेत.